भोंगा गप्प झाला तेव्हा

लग्नाचे फोटो काढणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणायचे, आणि त्याला त्याचं कौतुकच होतं. हॉलच्या एका टोकाला उभा राहून तो दुसऱ्या टोकाला सुनावायचा, "मावशी, जरा सरका, तुमच्यामागे नवरा झाकला जातोय." कुणाची भीडभाड नाही. हात धरून माणसं उभी करायची, हनुवट्या उचलायच्या, रडणाऱ्या आईला म्हणायचं, "डोळे पुसा आणि पुन्हा मिठी मारा, मघाची नीट आली नाही." लोक वैतागायचे, आणि घरातल्या पुढच्या लग्नाला परत त्यालाच बोलवायचे.

मग त्याचा घसा बसला. बसला तो उठेचना. बायकोनं पिच्छा पुरवला तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेला, आणि घरी आला तो स्वरयंत्र काढून टाकूनच. गळ्यात श्वासापुरतं भोक, त्यावर पातळ रुमाल. बोलायला एक यंत्र मिळालं. गळ्याला टेकवलं की मिक्सरमधून यावेत तसे घरघरते शब्द यायचे.

ते घेऊन तो पहिल्या लग्नाला गेला. "इकडे बघा," म्हणाला, आणि पुढच्या रांगेतलं पोर किंचाळून आईच्या पदरात शिरलं. नवरीच्या आईनं त्याला बाजूला घेतलं. बाई वाईट नव्हती. "भाऊ, राग मानू नका," ती म्हणाली, "पण आजच्या दिवशी ते नको. माझ्या मुलीला कसंतरीच होतंय."

त्यानं यंत्र खिशात टाकलं.

"पुढच्या वेळी मी येते," बायको म्हणाली. "तुम्ही खुणा करा, मी ओरडते."

तो आपल्या फोटोच्या दुकानात जाऊन जुने अल्बम चाळत बसला. सगळे चेहरे एका साच्यातून काढल्यासारखे हसत होते. कुणाला काय हुकूम सोडला होता ते त्याला आठवत होतं; त्या माणसाच्या मनात काय होतं, ते मात्र एकाही फोटोत सापडेना. संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं, "आता कुणी ओरडायचंच नाही."

त्यानं फ्लॅश बंद केला. कॅमेऱ्याचा खटका मुका केला, मऊ तळाचे बूट घेतले आणि लांबून टिपणारी लेन्स लावून खांबाच्या आडोशाला उभा राहू लागला. बरीच गिऱ्हाइकं तुटली. "नवरा-नवरी एकमेकांकडे बघतायत असे फोटो कुठायत?" असं विचारून गेली. थोडी टिकली. त्यांना मिळालं ते असं: खुर्चीखाली गुपचूप बूट काढून बसलेला नवऱ्याचा बाप, आरशासमोर एकटीच तोंड उघडं टाकून श्वास घेणारी नवरी. माणसं त्याला साफ विसरून जायची. त्याला ते हवंही होतं आणि आत कुठेतरी टोचतही होतं.

थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. "फोटो काकाच काढणार," पुतणी हटून बसली. त्याच सुमारास त्याच्या गळ्याची पुन्हा तपासणी झाली होती. निकाल आणायला दादा गेला आणि हात हलवत परत आला.

"अजून नाही आला रे. त्यांचं मशीन बिघडलंय."

बायकोही हो ला हो म्हणाली. दोघांनी ताकास तूर लागू दिली नाही.

लग्नाच्या दिवशी पाहुणे जेवायला वळले तेव्हा तो हॉलच्या जिन्यावरून खाली लेन्स फिरवत होता. भांड्यांच्या खोलीच्या दारात दादा आणि बायको दिसले. दादानं तिचे दोन्ही हात धरले होते. एरवी साध्या बोलण्यातही तिच्यापासून अंतर राखणारा दादा. तिचा चेहरा फुटल्यासारखा झाला होता, आणि आवाज बाहेर पडू नये म्हणून तिनं ओठ दातांत दाबले होते. सवयीनं त्याच्याकडून खटका दाबला गेला. मग त्याला कळलं.

तो खाली गेला नाही. पुतणी गाडीत बसेपर्यंत त्यानं फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी दुकानात बायको डबा घेऊन आली, तर संगणकावर तोच फोटो उघडा होता. तिनं डबा टेबलावर ठेवला. त्यानं यंत्र गळ्याला लावलं.

"दुखणं परत आलंय ना?"

ती खुर्चीत बसली. "लग्न होईपर्यंत थांबू, असं दादा म्हणाले. पोरीच्या आनंदात..." पुढचं तिला बोलवेना. मग पडद्याकडे बघून म्हणाली, "पुसून टाका तो. किती वाईट दिसतेय मी."

"इतकी वर्षं," तो म्हणाला, "तुला नुसतं हसायलाच सांगितलं मी."

फोटो त्यानं पुसला नाही, अल्बमातही घातला नाही. पुन्हा उपचार सुरू झाले. या वेळी ते त्याला मानवले नाहीत. अल्बमाची पहिली पानं त्यानं लावली. नंतर हाताला माऊस पेलेना, तेव्हा पलंगाशेजारी संगणक आणून बायको एकेक फोटो दाखवायची आणि तो पापणी मिटून होकार द्यायचा. शेवटची पानं तिनं एकटीनंच लावली.

पुतणी अल्बम न्यायला आली. उभ्यानंच पानं उलटताना हसत होती, मधेच डोळे पुसत होती.

"काकू, हे सगळं कधी झालं? मला तर काका दिसलेच नाहीत त्या दिवशी," ती म्हणाली. "आहेत कुठे? भेटते ना."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यामागून श्वासाची खरखर येत होती.

"आत जा," काकू म्हणाली. "पण त्यांना बोलायला लावू नकोस. नुसती बस जवळ."