आईच्या आवाजाला लावलेलं कुलूप

आई गेल्यावर तेराव्याच्या आतच मी घरातल्या कॉम्प्युटरला पासवर्ड घातला आणि तो साफ विसरले. लोक छत्री विसरतात, फार तर लग्नाचा वाढदिवस. मी आईचा आवाज कुलपात घालून किल्ली हरवली.

कॉम्प्युटर शेठचा, जुना. नव्वदच्या दशकात मी सुरतेच्या एका साडी कारखान्यात डिझाइनं काढायची. घरीही काम ओढता यावं म्हणून शेठनी तो आमच्या लिंबायतच्या खोलीत आणून टाकला. सोबत माइकही होता. आईला त्याचं भारी कौतुक, म्हणून एका दुपारी मी तिचा आवाज भरून घेतला. एका वेळी साठच सेकंद भरले जायचे. दोन महिन्यांनी ती तापाने गेली. मागे राहिलेला आवाज तेवढाच.

दुखवट्याला आलेल्या बायका म्हणाल्या, ऐकव की. मी म्हटलं, "पोरं हात लावतील, पुसून जाईल," आणि मशीन सुरू होतानाच पासवर्ड मागेल अशी सोय करून टाकली. त्यानंतर त्याच्यावर फडकं टाकलं ते टाकलंच. भिंतीपलीकडचे माग सुरू झाले की टेबल थरथरायचं, फडकं हलायचं. वाटायचं, आई आतून हाका मारतेय आणि मी दार उघडत नाहीये. भरदुपारी मला घाम फुटायचा. भाकरी थापतानाही मी त्या टेबलाकडे पाठ करत नसे.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा बाबा म्हणाले, "माले एकदाव तिना आवाज आयकू दे."

बाबांनी तीस वर्षं माग चालवले होते. कान जवळजवळ गेलेच होते, घरात आम्ही त्यांच्याशी ओरडूनच बोलायचो. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी फडकं काढलं.

शब्द अहिराणी होता, इंग्रजी अक्षरांत लिहिलेला आणि आई माझ्यासाठी वापरायची तो, एवढं पक्कं ठाऊक होतं. म्हणजे 'आंडेर', मुलगी. मी एका ए-ने लिहून पाहिला, दोन ए-नी पाहिला, शेवटी एच लावून पाहिला. तीनदा चुकलं की मशीन ठप्प व्हायचं. बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं. चार दिवस हेच. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने मान हलवली.

"फॉर्मेट मारवुं पडशे, बेन. अंदरनुं बधुं जशे."

आतलं सगळं जाणार. बाबांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. पाहुण्यासमोर गप्प कसं बसायचं म्हणून ते माझ्याकडे बोट दाखवून कौतुकाने म्हणाले, "हाई मनी आंडेर नही, आंडोर शे!"

मुलगी नाही, मुलगा आहे. मी नोकरीला लागल्यापासून आई शेजारणींना हेच सांगायची आणि मी चिडायची. मुलीचं कौतुक मुलगी म्हणून करता येत नाही का? वर्षभर मी तिचा शब्द मला हवा तसा आठवत बसले होते. ई-च्या जागी ओ टाकला. मशीन उघडलं.

तो माणूस हसत निघून गेला. आतली बटणाएवढी बॅटरी काढून ठेवली असती तरी पासवर्ड पुसला गेला असता, हे मला फार नंतर कळलं.

बाबांनी स्पीकरला कान लावला. आई लाजत, अगदी हळू बोलत होती, "काय बोलू व माय? काय बोलू?" आणि मग मी, खणखणीत आवाजात, "बोल ना गं पटकन! वेळ संपतोय! मला दुसरी कामं नाहीत का?"

पोरांसाठी नव्हतंच ते कुलूप. माझं ते खेकसणं कुणाच्या कानावर पडू नये म्हणून मी ते घातलं होतं.

साठ सेकंद संपले. बाबांनी कान काढून माझ्याकडे पाहिलं.

"हाऊ ते तुना आवाज शे. तिना कोठे शे?"

मी आवाज होता तेवढा मोठा केला आणि पुन्हा लावलं. पुन्हा मीच ओरडले.