आठवीच्या पुढचा वर्ग

सुरतेतल्या डिंडोलीत आम्ही राहतो तिथली सरकारी मराठी शाळा आठवीला संपते. पुढे शिकायचं तर दोन रिक्षा बदलून लांबच्या मराठी शाळेत जा, नाहीतर जवळच्या गुजराती माध्यमाच्या हायस्कुलात. त्यामुळे जून आला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. माझं स्वतःचं मूल अजून बालवाडीत आहे, तरीही. गल्लीत पदवीपर्यंत शिकलेली मी एकटीच, आणि आठवी झालेल्या मुलींच्या आया माझ्या दारात येऊन विचारतात, 'ताई, आते पुढे काय?'

या वर्षी शेजारच्या वहिनी विचारायला आल्या नाहीत, म्हणून मीच गेले. त्यांचं घर आमच्यासारखंच खानदेशातलं, घरात अहिराणी. नवरा बमरोलीला कापडाच्या लूमवर, बारा तासांची पाळी. वहिनी घरी बसून साड्यांवर खडे चिकटवतात आणि शाळेतून आली की मुलगीही हाताशी बसते. मुलगी हुशार. दोन वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसून, ओठ हलवत गणितं सोडवायची. ती खडे चिकटवत तिथेच राहील, या विचाराने मला बसवत नव्हतं.

लांबच्या शाळेला तिच्या वडिलांनी नाही म्हटलं. गुजराती हायस्कूल ठरलं. प्रवेशाच्या दिवशी मला रजा मिळाली नाही, मायलेकीच गेल्या आणि संध्याकाळी खुशीत परतल्या.

'झालं का काम?' मी विचारलं.

'व्हयनं ना, ताई. बाई भली व्हती. बरंच काही सांगं तिनी.'

'काय सांगितलं?'

वहिनी हसल्या. 'ते पोरीले इचारा.'

मुलगी म्हणाली, 'प्रवेश मिळेल म्हणाल्या, काकू.'

शाळा उघडली. नवा गणवेश घालून गेलेली मुलगी दुपारच्या आत घरी. हजेरीत तिचं नावच नव्हतं. मुख्याध्यापिकाबाईंनी शनिवारी वडिलांना घेऊन या, गुजराती वाचन घेऊ, मग प्रवेश पक्का, असं गुजरातीत सांगितलं होतं. दोघींनी मान हलवत 'हा, हा' म्हटलं होतं आणि त्या उठून आल्या होत्या. शनिवार कधीच उलटून गेला होता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी तिला घेऊन निघाले. मी इतकी भरभर चालत होते की ती सारखी मागे पडत होती.

'समजलं नव्हतं तर विचारायचं ना गं. भाजीवाल्याशी तर गुजरातीत भांडतेस.'

'भाजीवाला म्हणजे शाळेतल्या बाई का?' ती म्हणाली. मग जरा वेळाने, 'आमच्या शाळेत बाईंनी समजलं का म्हटलं की सगळ्यांनी हो म्हणायचं असतं.'

'असतं म्हणजे? कोणी सांगितलं?'

'कोणी नाही. बाई एकट्या, वर्ग दोन. आम्ही हो म्हटलं की त्या सातवीवर जातात. नाही म्हटलं की थांबतात, मग सातवीला खिचडीला उशीर होतो. सातवीची पोरं मारतात.'

मला हसू आलं आणि लगेच गेलंही. कारण तो एका सुरातला हो मला माहीत होता. आमच्या तालुक्याच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मीही तो ओरडले आहे. त्याच शाळेतल्या गुरुजींनी घरी येऊन वडिलांना सांगितलं होतं की हिला कांदे लावायला नेऊ नका, हिची परीक्षा आहे. पुस्तकं शाळेने दिली, दुपारचं जेवण शाळेने दिलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक पाहिलं नव्हतं. ती शाळा नसती तर आज मी कचेरीत बसून पगार घेत नसते. म्हणून कोणी सरकारी शाळांना नावं ठेवली की मी भांडायला उठते. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षी प्राध्यापकांनी विचारलं की मी मान हलवायचे आणि घरी येऊन कोरी वही घेऊन बसायचे, तेही खरंच. गावातली शाळा आणि सुरतेतली शाळा, मधे एवढी वर्षं, आणि सवय मात्र तीच कशी, हे मला समजेना. चिडायचं कोणावर? दोन वर्ग सांभाळणाऱ्या, मधेच सर्वेक्षणाच्या कामाला पाठवल्या जाणाऱ्या त्या बाईंवर? त्या तर सुट्टीतही मुलींना भेटल्या की थांबून बोलतात.

हायस्कुलात मुख्याध्यापिकाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. 'तमे कोण? मम्मी?'

'शेजारी,' मी गुजरातीतच सांगितलं.

'दर जूनमध्ये एक शेजारी येतेच,' त्या म्हणाल्या. हिंदी, गुजराती मिसळून बोलत होत्या. 'तुमच्या मराठी शाळेच्या मुली फार शांत असतात. मी विचारते, समजलं? हा, मॅडम. मला वाटतं सगळं ठीक आहे. दिवाळीनंतर पाहते तर बाक रिकामा. मग ही जागा मी हिला का देऊ? बाहेर अजून मुली बसल्यात.'

मुलगी हुशार आहे, एवढंच मी म्हणाले. तेही सगळेच म्हणत असणार.

त्यांनी विज्ञानाचं पुस्तक उघडून मुलीपुढे सरकवलं. तिने अडखळत का होईना, परिच्छेद पूर्ण वाचला.

'समजलं?'

तिने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाची कड घट्ट धरून बसले होते. माझ्याच तोंडून हो निघेल की काय, असं वाटत होतं.

'अडधुं,' ती म्हणाली. अर्धंच.

'कोणतं अर्धं?'

तिने बोट ठेवून दाखवलं. अन्न जठरात जातं इथपर्यंत कळलं, पुढचं नाही. बाईंनी चष्मा काढला आणि पुढचं समजावून सांगायला लागल्या, बाहेरची माणसं विसरून. शेवटी म्हणाल्या, 'उद्या वडिलांना आणा. शेजारी चालणार नाही.'

वडिलांना आणणं सोपं नव्हतं. लूमवर पाळी चुकली की मशीन बदलीवाल्याला जातं आणि परत मिळायला मिनतवाऱ्या कराव्या लागतात. ते रात्रपाळी संपवून तसेच आले. केसांत धाग्याची पांढरी कसपटं होती. सही करून बाकावर बसल्या बसल्या झोपले. मुलीने त्यांना हलवून उठवलं.

प्रवेश झाला. मला वाटलं होतं आता तरी स्वस्थ वाटेल. पण मी रोज संध्याकाळी तिची वाट पाहायला लागले. पहिल्या आठवड्यात ती आली ती हिरमुसून. विज्ञानाच्या तासाला प्रश्न विचारला तर बाई म्हणाल्या, 'बेसी जा, पछी.' म्हणजे बस खाली, नंतर. वर्ग भरलेला, त्यांचं तरी काय चुकलं?

'उद्या परत विचारू?' तिने विचारलं.

मी विचार म्हटलं. आणि रात्रीच्या भाकरी करताना वाटत राहिलं की आपण हिला कोणत्या भिंतीवर डोकं आपटायला पाठवतोय. तिच्याबरोबर आठवी झालेल्या बाकीच्या मुली आमच्याच गल्लीत दुपारी दिसतात. एक साड्यांच्या घड्या घालायला जाते, एक धाकट्या भावाला सांभाळते. त्यांच्याबरोबर मी कुठे गेले होते?

पहिल्या चाचणीत ती विज्ञान आणि समाजशास्त्रात नापास झाली. तिने घरात शिरताच स्वतःच सांगून टाकलं. मी तिथेच होते. वहिनींच्या मांडीवर साडी पसरलेली होती, बोटांना गोंद.

'आते काय, ताई?' त्या मला म्हणाल्या. 'घर बसाडू का तिले?'

मी काही बोलायच्या आत मुलगीच बोलली. 'विज्ञानाच्या बाईंनी शनिवारी शाळा सुटल्यावर थांबायला सांगितलंय. मी एकटी नाही, अजून तिघी आहेत. दर शनिवारी.'

शनिवार म्हणजे माल उचलायला माणूस येतो तो दिवस. त्या दिवशी दोघींचे हात चालले तरी काम पुरं होत नाही. वहिनींनी हातातला खडा साडीवर चिकटवून अंगठ्याने दाबला. मला उठून जावंसं वाटत होतं आणि जाववतही नव्हतं.

'ते शनिवारना माल रविवारले देसू,' वहिनी म्हणाल्या.

'शेठ ओरडेल,' मी म्हटलं.

'वरडू द्या.'

मुलीच्या वाट्याच्या साड्या बाजूला घडी करून ठेवलेल्या होत्या. वहिनींनी हात लांबवून त्या आपल्या ढिगावर घेतल्या. ढीग उंच झाला. मी खाली बसले, गोंदाची वाटी जवळ ओढली आणि खडा कसा धरायचा ते मुलीला विचारलं.