दोन आटे जास्त

काटेकाकांना गॅरेजात सगळं चालायचं. पाना हरवलेला चालायचा, चहा गार झालेला चालायचा. फक्त कुणी "अंदाजे" म्हणालं की त्यांच्या कपाळावरची शीर टरारून फुगायची. "अंदाज मिठाचा करावा, इंजिनाचा नाही," असं ते ऐकवायचे. त्यावर त्यांची बायको म्हणायची, "मिठाचाही अंदाज मीच करते. हे फक्त तोंड वाकडं करतात."

वेगवान गाड्यांना प्रेशरचे काटे बसवून देण्यात त्यांची तीस वर्षं गेली, म्हणून हे नाव पडलं. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर गरगरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो. किती कोंबतो, ते बूस्टचा काटा सांगतो. कमी कोंबली तर गाडी मरगळते, जास्त कोंबली तर पिस्टन वितळतात. गाडी ट्यून करून झाली की ठरलेला आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने स्वतःच्या हाताने लिहायचा, ही काकांची रीत. तो आकडा म्हणजे त्यांचा शब्द.

मेहुण्याच्या लाल गाडीत त्यांनी लिहिलं होतं, १.१.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वय बेचाळीस, उत्साह चौदाचा. रविवारी ट्रॅकवर शर्यत होती आणि त्याने महिनाभर सगळ्या ऑफिसला तिचीच टकळी ऐकवली होती. सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर बुधवारी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांची गाडी मेहुण्याच्याच मॉडेलची, पण कंपनीतून आली तशी, एका स्क्रूलाही हात न लावलेली. बाईंना फक्त कुतूहल होतं. "टर्बो किती हवा भरतो, चार दिवस मला बघायचंय. पण माझ्या गाडीला भोक पाडायचं नाही हं," असं त्यांनी बजावलं.

काकांनी एक रबरी पाइप मधोमध सोडवला, त्यात छोटा जोड घातला आणि काट्याची नळी त्याला लावली. मग बाईंना गाडी चालवायला लावून एक फेरी मारली. मागच्या सीटवर न बोलावता मेहुणा येऊन बसला होता. चढावर बाईंनी पाय दाबला तसा काटा सरसर चढला आणि १.३ ला टेकला.

मागून आवाज आला, "भावजी! हे काय?"

"गप बस."

"हातही न लावलेल्या गाडीत एक पॉइंट तीन? आणि मी एवढं ट्यूनिंग करून घेतलंय ते एक पॉइंट एकसाठी?"

पुढचे दोन दिवस काकांनी लाल गाडी पिंजून काढली. हवा गळते का म्हणून प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा दिसेल तर शपथ. क्लॅम्प आवळले, काटा बदलून पाहिला. आकडा जागचा हलेना. शेजारी स्टुलावर मेहुणा पाय हलवत बसलेला. "ताई म्हणते, भावजींना आता चष्मा बदलायला हवा."

"तुझी ताई काहीही म्हणते."

"सांगू तिला?"

शुक्रवारी संध्याकाळी काकांचा संयम संपला. साबणाने हात पांढरेफटक पडले होते आणि डोक्यात तो १.३ डासासारखा गुणगुणत होता. त्यांनी बूस्टचा स्क्रू दोन आटे आवळला. फेरीत काटा १.३ ला गेला. मेहुण्याने त्यांना मिठी मारली. बॉनेट बंद करताना काकांनी मार्कर मात्र उचलला नाही. तो खिशातच राहिला आणि रात्रभर त्यांना टोचत राहिला.

रविवारी सकाळी ड्यूटीवर जाताना डॉक्टरीणबाई काटा काढून घ्यायला आल्या. काकांनी बॉनेट उघडलं, जोडाला हात घातला आणि हात तिथेच थांबला. इंजिनाच्या तोंडाशी हवेची एक झडप असते. बाईंच्या गाडीत भोक पाडायचं नाही म्हणून त्यांनी नळी झडपेच्या आधी लावली होती. मेहुण्याच्या गाडीत ती झडपेच्या पुढे, थेट इंजिनापाशी होती.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"बाई, नळ अर्धा बंद असला तर वरच्या पाइपात पाण्याचा जोर किती असतो?"

"भरपूर."

"आणि बादलीत?"

"धार बारीकच."

कंपनीचा कॉम्प्युटर इंजिन जपायला ती झडप मधूनच अर्धी मिटतो. मग आधीच्या पाइपात हवा तुंबते आणि काटा १.३ दाखवतो. इंजिनाच्या पोटात मात्र त्याहून कितीतरी कमी हवा जाते. लाल गाडीची झडप ट्यूनिंगनंतर सताड उघडी राहत होती, तिथे १.३ म्हणजे सगळं पोटात. गाडी कमी पडत नव्हतीच. दोन वेगळ्या जागी लावलेले काटे काका एकमेकांशी तोलत बसले होते. तीस वर्षं काटे बसवणाऱ्या माणसाने!

त्यांनी मेहुण्याला फोन लावला. एकदा, दोनदा, पाच वेळा. मग स्कूटर काढली.

ट्रॅकवर मेहुणा हेल्मेट घालून रांगेत तिसरा होता. काकांनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली.

"अहो भावजी! नंबर येतोय माझा!"

"बॉनेट उघड."

"लोक बघतायत!"

"बघू देत. चुकलं माझं." हे शब्द गंजलेल्या नटासारखे अडखळत निघाले. "आकडा चुकीचा धरला मी. असाच पळवलास तर इंजिन हातात येईल."

मेहुण्याने आयुष्यात पहिल्यांदा भावजींच्या तोंडून "चुकलं" ऐकलं होतं, म्हणून असेल, त्याने बॉनेटचा खटका ओढला. काकांनी दोन आटे सैल केले.

मेहुणा सातवा आला. संध्याकाळी बहिणीच्या स्वयंपाकघरात उभा राहून त्याने सांगितलं, "ऐन वेळी गाडीचा गळा आवळला यांनी! नाहीतर तिसरा होतो मी." बायकोने काकांकडे नुसतं पाहिलं.

सोमवारी काकांनी लाल गाडीचे स्पार्क प्लग काढले. पांढऱ्या टोकांवर मिठाच्या कणांएवढे चंदेरी ठिपके होते. ट्रॅकवर पोचेपर्यंतच पिस्टन वितळायला लागला होता. त्यांनी प्लग मेहुण्याच्या नाकासमोर धरला. "हे बघ. हा तुझा पिस्टन."

मेहुण्याने डोळे बारीक केले. "धूळ आहे हो भावजी."

न फुटलेलं इंजिन कुणाला दाखवणार? मग त्यांनी खिशातला मार्कर काढला आणि जुन्या १.१ पुढे लहान अक्षरात लिहिलं, "झडपेनंतर".

मेहुणा वाकून वाचायला लागला. "ही कुठली झडप?"

काकांनी डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं. "बस. तुमच्या घरच्या नळापासून सुरू करू."