न पुसायची जागा

शेतातल्या पंपांचे कंट्रोलर असतात, त्यांचे प्रोग्राम मी लिहिते. त्यातलाही असा भाग, जो कुणालाच दिसत नाही: वीज आल्यापासून खरं काम सुरू होईपर्यंतचा. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो संपतो. ऑफिसातली नवी मुलं म्हणतात, मॅडम, तेवढं आयतं मिळतं की. मिळतं, आणि बिघडलं की माझ्याच टेबलावर येतं.

लोकांना वाटतं, वीज येते तेव्हा यंत्राची मेमरी कोरी असते. साफ खोटं. तिथे काहीबाही आकडे पडलेले असतात. म्हणून आधी दोन कामं उरकावी लागतात. ज्या व्हेरिएबलला, म्हणजे आकडा ठेवायच्या नाव दिलेल्या जागेला, सुरुवातीची किंमत ठरवून दिलेली आहे, तिची किंमत कायमच्या मेमरीतून उचलून कामाच्या मेमरीत तिच्या जागी नेऊन ठेवायची. जिला काहीच दिलेलं नाही, तिच्या जागी शून्य भरायचं. मगच मुख्य प्रोग्रामला उठवायचं. हे चुकलं, तर पंप त्या कचऱ्यालाच हुकूम समजतो.

माझी मुलगी घरी आली तेव्हा चार वर्षांची होती. आम्ही तिला एका संस्थेतून दत्तक घेतलं. कागदावर संस्थेने ठेवलेलं नाव होतं. त्या नावाने हाक मारली की ती मानही वर करायची नाही. मी मारली, नवऱ्याने मारली. पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टरांनी तपासलं, कान ठणठणीत. जेवायची, झोपायची, जवळ जाऊन सांगितलेलं ऐकायची, पण हाकेला ओ नाही. आपल्याला आपल्याच लेकराला हाक मारता येऊ नये, याचं फार वाईट वाटायचं. संध्याकाळी मेट्रोतून उतरताना मला घरी जायची भीती वाटू लागली होती.

सासूबाई उमरेडच्या विणकर घरातल्या. त्यांनी उपाय काढला.

"ते नाव लाभलं नाही तिले. आपण नवं ठेवू. लहान हाये वं, कोरी पाटी. जे लिहिशील ते उमटते."

"पाटी कोरी नसते, आई," मी म्हणाले, जरा जोरातच.

"तुले काहून एवढा राग येऊन राहिला? माझं नाव बदललं, तुझं बदललं. मेलो का आपण?"

ते खरंच होतं. आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि त्यात अंगठीने सुनेचं नवं नाव लिहितात. माझंही लिहिलं होतं. ते मी ऑफिसच्या कागदांवर येऊ दिलं नाही, एवढीच माझी मर्दुमकी.

एक गोष्ट मात्र मला त्यांना समजावता आली नाही. मेमरीत एक तिसरा कप्पाही राखून ठेवता येतो. सुरुवातीचा प्रोग्राम त्याला हात लावत नाही. ना किंमत भरत, ना शून्य. यंत्र क्षणभर अडखळून पुन्हा सुरू झालं, तर अडखळण्याआधी काय घडलं ते त्यात सापडतं. तो कप्पा कुणी पुसला तरी यंत्र छान चालतं. फक्त त्याच्यावर काय गुदरलं, ते मग कधीच कळत नाही.

माझं काही चाललं नाही. रविवारी ताट मांडलं. सासूबाईंनी मुलीला मांडीवर घेतलं, अंगठीने तांदळात नवं नाव लिहिलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं. मुलगी ताटाकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही तळव्यांनी तांदूळ सारखे केले. थोडे खाली सांडले.

"हे नाही," ती म्हणाली, आणि तिने एक नाव सांगितलं.

ते कुठल्याच कागदावर नव्हतं. संस्थेत येण्याआधी कुणीतरी तिला त्या नावाने जेवायला बोलावलं असणार. ते मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. मी त्या नावाने हाक मारून पाहिली, तर तिने वळून ओ दिली. मला रडू आवरलं नाही. सासूबाईंनी तेच नाव तांदळात लिहिलं आणि मुलीला ओवाळलं.

ती खेळायला गेली. तांदूळ डब्यात ओतावेत म्हणून मी ताट घ्यायला आले, तर सासूबाई तिथेच बसलेल्या, बोटाने ताटात काहीतरी लिहीत होत्या.

"माझं माहेरचं," त्या म्हणाल्या. "भाऊ एकटाच म्हणे त्या नावानं. तो गेला तसं कोणी म्हटलंच नाही. लिहिता येते का, पाहून राहिली होती."

इतकी वर्षं एका घरात राहून मला ते ठाऊक नव्हतं. मी वाकून मनातल्या मनात वाचलं. सासूचं नाव सुनेने घ्यायचं नसतं.

"मोठ्यानं वाच वं," त्या म्हणाल्या.