स्टर्जनला निरोप

मासा होडीच्या कडेला आला आणि माझ्याकडे रोखून बघत राहिला. स्टर्जन जातीचा, माझ्याहून लांब, तोंडाखाली चार मिशा. हे मासे माणसाहून जास्त जगतात म्हणे. इतका मोठा लागला तर सोडून द्यायचा, असा इथला, कॅनडातला नियम. पण होडीत मी एकटाच होतो, बघणारं कोणी नव्हतं, आणि घरी बायकोने खोबरं वाटून ठेवलं होतं.

घात केला त्याच्या चेहऱ्याने. लग्नात मानपानावरून रुसून बसलेल्या थोरल्या काकांचाच तो चेहरा.

"अहो, जरा हलू नका," मी म्हणालो.

परदेशात येऊन कपडे बदलले, जेवणाची वेळ बदलली. वडीलधारं कोणी दिसलं की जीभ मात्र अजून आपोआप वाकते. आणि एकदा अहो म्हटल्यावर त्याच्या तुकड्या कशा पाडायच्या?

पकडीने गळ काढला. शेपटीने मला नखशिखान्त भिजवून तो निघाला, तेव्हा सवयीने तोंडून गेलं, "या पुन्हा."

तेवढ्यात बायकोचा फोन. "मिळाला का मासा?"

"आले होते," मी म्हणालो. "जेवायला थांबले नाहीत."