झाडावरचं टिंब

माझ्या आईच्या मामीला बसलेलं पाहिलंय असं कोणी म्हणालं, तर तो माणूस खोटं बोलतो, यावर लोणावळ्यातल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांचं एकमत आहे. ती उभ्याने जेवते, उभ्याने पेपर वाचते, लग्नात मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहते आणि दवाखान्यात डॉक्टर "बसा" म्हणाले की त्यांनाच विचारते, "का, वाईट बातमी आहे?" तिच्या हॉलमधल्या खुर्च्यांवर कुंड्या आहेत. एकच खुर्ची मोकळी, कॉम्प्युटरपुढची, आणि ती माझी. मी एकदा भीत भीत कारण विचारलं होतं. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून, बसून गेली. "माझा बसायचा कोटा संपला," ती म्हणाली. "सरकारने वापरला सगळा."

मी तिला मामीआजी म्हणते. एक्सचेंज कधीच बंद झालं, पण माणसांना एकमेकांशी जोडून देण्याची तिची खोड गेली नाही. बोलता बोलता दूध उतू जायला लागलं की ती अजूनही "होल्ड करा हं" म्हणून आत पळते. रिक्षावाल्याला आडनाव विचारते, मग गाव, मग आजोळ, आणि उतरेपर्यंत तो तिच्या नणंदेच्या जावेचा कोणीतरी निघालेला असतो. पेपरातल्या श्रद्धांजल्या ती लाल पेन घेऊन वाचते आणि खाली दिलेल्या नंबरावर फोन करते : "तुमच्या दुःखात सहभागी आहे, पण शेवटून तिसरी ती नात नाही, पणती आहे." चूक दिसली की तिच्याने राहवत नाही. एका लग्नात तिने अक्षता थांबवून भटजींना नवऱ्यामुलाच्या आजोबांचं नाव दुरुस्त करायला लावलं होतं. मी तेव्हा तिच्या शेजारी उभी होते आणि जमीन दुभंगायची वाट पाहत होते.

अशा बाईच्या हाती इंटरनेटवरचं ते झाड लागायला नको होतं, पण लागलं. जगभरातले लोक मिळून एकच वंशावळ लिहितात अशी ती जागा. आपण आपले आजोबा तिथे नेऊन ठेवायचे, मग दुसरा कोणीतरी येऊन त्यांना आपले पणजोबा जोडतो. "देवळाचं आवार समज," मामीआजीने मला समजावलं. "कुणीही यावं, कुणीही झाडून काढावं आणि कुणीही घाण करून जावं." घाण करणारे पुष्कळ होते. एका सद्गृहस्थांनी तिच्या पणजोबांना रातोरात एका सरदार घराण्याला चिकटवलं. मामीआजीने त्यांचा फोन नंबर मिळवला. "तुमचा सरदार आमच्या झाडावरून उतरवा," ती म्हणाली. "आमचे पणजोबा भाताच्या खाचरात चिखल तुडवायचे. घोड्यावर बसवलंत तर पडतील."

झाडावरचं सगळं इंग्रजीत, म्हणून मी. "तू इंग्लिश मीडियमची, शिवाय बोलत नाहीस, म्हणजे टायपिंग चांगलं असणार," असा तिचा हिशेब. दर रविवारी मी त्या खुर्चीत बसायचे आणि ती माझ्या मागे, पीठ लागलेल्या हातांनी हवेत दिशा दाखवत, येरझारा घालायची. इंग्रजीवर तिचा राग होता. मामेभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ, चुलतभाऊ सगळे कझिन म्हटल्यावर ती हादरली. "सगळे एकाच पोत्यात? मग भाऊबीजेला काय करतात हे लोक?" मी म्हटलं, त्यांच्यात भाऊबीज नसते. ती बराच वेळ त्यांच्याबद्दल हळहळत होती.

मग थुंकी आली. रक्ताचं नातं थुंकीतून कळतं हे तिच्या कानावर आलं आणि अमेरिकेहून सुट्टीला येणाऱ्या तिच्या नातवाला चॉकलेटांऐवजी नळ्या आणाव्या लागल्या. नळीत खुणेपर्यंत थुंकायचं, त्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. मामीआजीला न खाता राहणं जमलं, न बोलता राहणं जमेना, आणि बोलून बोलून तोंडाला कोरड. शेवटी मी तिच्या नाकासमोर चिंचेचा गोळा धरून उभी राहिले. दुसरी नळी घेऊन ती कार्ल्याला, माहेरी गेली. तिथले भाऊ म्हणजे तिचे सख्खे चुलतभाऊ. ते खाचरात उभे होते.

"थुकायचं?" भाऊ म्हणाले. "आन ते अमेरिकेला जानार? आमची सून तर हितं अंगनात बी थुकू देत न्हाई."

त्यांनी मन लावून नळी भरली. पुढे प्रयोगशाळेकडून कळलं की नमुना तपासता येत नाही. कारण दिलं नव्हतं, पण नळीचा रंग मी पाहिला होता. तंबाखू. तिसऱ्या नळीच्या वेळी मामीआजीने भाऊंची चंची आणि चुन्याची डबी आधी ताब्यात घेतली, त्यांच्याकडून चुळा भरून घेतल्या आणि समोर पहाऱ्याला उभी राहिली. "आक्का," भाऊ काकुळतीला येऊन म्हणाले, "पोलीस बरं गं तुझ्यापरीस."

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला झाडावरच कळलं. मामीआजी अगदी लहान असताना तिची आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईने जीव लावला, पण आईच्या माहेरची माणसं रागावली आणि पुन्हा कधी आली नाहीत. मग त्यांचं गावच धरणाच्या पाण्यात गेलं आणि माणसं कुठे कुठे पांगली. आईची एकच वस्तू घरात होती, एक तांब्या, त्यावर 'सौ. लक्ष्मीबाई' कोरलेलं. पण लक्ष्मी हे लग्नात ठेवलेलं नाव. त्या घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेचं नाव बदलायचे. झाडावर मात्र बाईला तिच्या जन्माच्या नावाने लिहायचं असतं, आणि ते नाव कोणालाच माहीत नव्हतं. वडिलांनी बायकोचं नाव कधी तोंडाने घेतलंच नाही, माहेरचंही नाही आणि सासरचंही नाही.

मी त्या चौकटीत 'अननोन' लिहिलं. मामीआजीने अर्थ विचारला. मी सांगितला.

"अज्ञात?" ती येरझारा घालायची थांबली. "अज्ञात म्हणजे रुळावर सापडतात ते. माझी आई आहे ती. खोड."

पण चौकट रिकामी ठेवायला ती साइट तयार नव्हती. म्हणून मी एक टिंब दिलं. त्या प्रचंड झाडावर, जिथे तिच्या आतेसासूच्या दिराच्या व्याह्यांपर्यंत सगळे नावानिशी नांदत होते, तिथे तिची स्वतःची आई म्हणजे एक टिंब होतं. मामीआजी स्क्रीन पुसताना तेवढी जागा दोनदा पुसायची. "लग्नाआधी तिला हाक काय मारत असतील गं?" ती मध्येच विचारायची आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात जायची. "म्हातारी माणसं चालली भराभर. ज्याला माहीत आहे तोच गेला, तर?"

त्यानंतर ती जास्तच सैरभैर झाली. दिवसातून चारदा फोन करायची : "जुळलं का कुणी?" मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असायचे, हळूच "नाही" म्हणायचे. "मग परत बघ. होल्ड करते."

आणि जुळलं. कॅनडातला एक मुलगा, बायकोने वाढदिवसाला भेट दिली म्हणून थुंकलेला. मामीआजीशी त्याचं नातं बरंच जवळचं दिसत होतं, आणि कार्ल्याच्या भाऊंशी काहीच नाही. म्हणजे तो वडिलांकडचा नव्हता. हे मी तिला समजावून सांगितलं तेव्हा तिने पोळी तव्यावर तशीच करपू दिली.

"लिही त्याला. आजी जिवंत आहे का म्हणावं."

"असं एकदम कसं विचारायचं, मामीआजी?"

"मग काय हवापाणी विचारू? लिही!"

मी माफी मागत, आभार मानत, चार ओळींत एकच प्रश्न लपवून पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्याच्या वडिलांची आई आहे, तिची एक मोठी बहीण कार्ल्याला दिली होती, ती लवकर वारली. नाव त्याला माहीत नाही. आजीला ऐकू कमी येतं, आठवतंही कमी. ती इंदुरीला असते.

"इंदुरी!" मामीआजी ओरडली. "मेलं, मी अमेरिकेला थुंकी पाठवली आणि म्हातारी तळेगावच्या पुढे निघाली?"

सकाळच्या पहिल्या लोकलने आम्ही निघालो. डबा जवळजवळ रिकामा होता, ती दारात उभी. तळेगावला एसटी मिळाली, तिथेही दांडा धरून उभी. कंडक्टर म्हणाला, "मावशी, जागा हाय की." "असू दे, तूच बस," मामीआजी म्हणाली. रस्ताभर ती काय काय विचारायचं ते मला सांगत होती. गावाचं नाव, देव कोणता, भावंडं किती, आई दिसायला कशी. मी मान हलवत होते. बोलायचं तिलाच होतं, त्यामुळे मला काळजी नव्हती.

इंदुरीच्या किल्ल्याच्या अंगाने आत गेल्यावर त्यांचं घर. कॅनडातल्या मुलाने फोन केला असावा, सुनेने लगेच दार उघडलं. म्हातारी अंगणात बाजेवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. बारीक, ताठ, मामीआजीसारखंच पुढे आलेलं कपाळ. म्हणजे ही तिची सख्खी मावशी.

रिक्षावाल्यांची आजोळं काढणारी माझ्या आईची मामी पदर हातात धरून नुसती उभी राहिली. सून माझ्याकडे बघायला लागली. मी आयुष्यात अनोळखी घरात पाणीसुद्धा मागितलेलं नाही. पण कोणीतरी विचारायला हवं होतं. मी बाजेजवळ गुडघे टेकले आणि म्हातारीच्या कानाशी मोठ्याने म्हणाले, "आजी, तुमची मोठी बहीण. लक्ष्मी. त्यांचं माहेरचं नाव काय?"

"लक्ष्मी?" म्हातारीने शेंग सोलली. "आमच्यात लक्ष्मी कोन न्हाई. म्हस हुती लक्ष्मी. लय द्वाड."

सून तोंडाला पदर लावून हसली. मला रडू येईल असं वाटलं. तेवढ्यात माझ्या मागून, अगदी बारीक आवाजात, मामीआजी म्हणाली, "कार्ल्याला दिलेली. पोर मागं ठेवून गेलेली."

म्हातारीचा हात थांबला. तिने मान वर केली.

"आगं, ती व्हय! हौसा. आमची हौसाक्का." मग शेंगा बाजूला सारून ती आपल्याशीच बोलावं तशी बोलायला लागली. "तिला कुटं बसाय यायचं? जेवान बी हुबं राहून. आय म्हनायची, हिच्या पायाला भिंगरी हाय, सासरी कशी नांदंल ही?" तिने मामीआजीला खालून वर पाहिलं. "तू तिची व्हय? मग हुबी कशापायी? बस की गं, माज्यापाशी."

मामीआजी बसली. बाजेवर, दोन्ही पाय वर घेऊन, मावशीच्या खांद्याला खांदा लावून. तिने शेंगा पुढे ओढल्या आणि सोलायला लागली. संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी हे घरी सांगितलं, पण कोणाचाच विश्वास बसला नाही.

रविवारी मी टिंब खोडून तिथे हौसा लिहिलं. आता महिन्यातून एकदा तरी आम्ही इंदुरीला जातो. मावशीला अलीकडे फारसं काही उमगत नाही. ती दारात मामीआजीला पाहते आणि आनंदाने म्हणते, "हौसाक्का, आलीस व्हय?" सून दर वेळी ओशाळते, "आत्या, त्या हौसाक्का न्हाईत ओ," असं सासूला सांगायला जाते. साऱ्या महाराष्ट्राचे पणजोबा दुरुस्त करणारी मामीआजी तिला हाताने थांबवते, "ओ, आले गं," म्हणते आणि बाजेवर जाऊन बसते.