चाखल्याशिवाय द्यायचं नाही

मी नाशिककडे एका वाइनरीत काम करते. येणाऱ्यांना वाइन चाखायला द्यायची आणि कुठली कशाबरोबर प्यावी ते सांगायचं, हा माझा पोटाचा उद्योग. माहेरी आई लोकांना सांगते की पोरगी द्राक्षाच्या कंपनीत आहे. खोटं नाही ते. दादा पीत होता त्या वर्षांत तर माझ्या नोकरीचं नावच घरात कुणी काढायचं नाही.

दादाची दारू सुटली ती वहिनीमुळं. ती मुलांना घेऊन ईट गावाला माहेरी निघून गेली होती. तो शुद्धीवर आल्यावरच परत आली, आणि पुन्हा ओठाला लावलीस तर मी कायमची जाईन, असं सगळ्यांदेखत सांगून आली. तेव्हापासून त्यानं थेंब घेतला नाही. परंड्याजवळच्या आमच्या रानात त्यानं दोन खोल्या बांधल्या. पुण्याची माणसं किल्ला बघायला येतात, रानात राहतात, मटण-भाकरी खातात आणि खूश होऊन जातात.

यंदा मे महिन्यात येणाऱ्या दोन जोडप्यांनी फोनवर विचारलं, जेवणाबरोबर गार केलेली रेड वाइन मिळेल का. दादानं मला फोन केला. तुला त्यातलं कळतं, तूच निवडून आण, म्हणाला. तासाभरात वहिनीचा फोन. ती मुळातच कमी बोलते. "ताई, तुमी कायबी आणू नका," एवढंच म्हणाली, माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं आणि फोन ठेवला.

तरी मी बाटल्या आणल्या. दादाचा धंदा नुकता कुठं उभा राहत होता, हे एक कारण. दुसरं असं की माहेरच्या माणसानं माझ्या कामाबद्दल मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि त्यानं मी हुरळून गेले.

निवड मात्र मन लावून केली. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं सांगणाऱ्या शहाण्यांनी मे महिन्यातली आमच्याकडची खोली पाहिलेली नसते. पत्र्याखाली ठेवलेलं पाणीसुद्धा दुपारी चहाला लावावं इतकं तापतं. पण म्हणून कुठलीही लाल बाटली बर्फात खुपसून चालत नाही. शिराझ, कॅबर्ने असल्या दाट वाइन गार केल्या की त्यांचा तुरटपणा वर येतो, आणि काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर तर कच्ची सुपारी चघळल्यासारखं होतं. मी ग्रेनाश द्राक्षाची हलकी वाइन घेतली, पेल्यापलीकडची बोटं दिसतील इतकी पातळ रंगाची. तुरटपणा कमी, चव आंबटसर, वास करवंदाचा. तीही फार गार केली तर वास मरतो. माठातल्या पाण्याइतकी गार झाली की पुरे.

मी पोचले तेव्हा वीज गेलेली होती. असती तरी वहिनीनं फ्रिज दिला नसता. दुधाशेजारी ती बाटली राहणार नाही, असं तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं. मग दादानं बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून बादलीत घातल्या आणि बादली विहिरीत सोडली. दोर धरून काठावर बसला आणि विचारायला लागला, चव कशी असते, पाहुण्यांना सांगावं लागेल. मी सांगू लागले. आधी करवंद, मग थोडं जांभूळ, शेवटी जिभेच्या कडेला आंबट झिणझिण. सांगता सांगता त्यानं गिळलेला आवंढा मला दिसला. मला माझीच जीभ हासडावीशी वाटली.

आमच्या घरात एक रीत आहे. पाहुण्यापुढं ठेवायची वस्तू घरच्यानं आधी चाखायची, मग ते कलिंगड असो, आंबा असो की ताक. वडील कलिंगडाची पहिली फोड सगळ्यांसमोर स्वतः खायचे आणि फिकी लागली तर दुसरं कापायचे. दादाही तसंच करतो. शहरातल्या माणसांना त्याचं भारी कौतुक, फोटो काढतात.

संध्याकाळी अंगणात ताटं मांडली. मी बाटली उघडली आणि दादा म्हणाला, "आपण चाखल्याबिगर पाव्हण्याला कसं द्यायचं?" हसत म्हणाला. ते हसू मी ओळखते. त्याच हसण्यावर आम्ही सगळे वर्षानुवर्षं फसत आलो होतो.

मी चाखते, माझं रोजचंच काम आहे, असं म्हणून मी पुढं झाले.

"तू पाव्हणी," तो म्हणाला. "चाखायचं घरच्यानं."

रीतीला धरूनच होतं ते, म्हणून तर मी घाबरले. दारू सोडलेल्या माणसाला एक घोटसुद्धा चालत नाही, हे आम्हा तिघांना माहीत होतं. पाहुण्यांना नव्हतं. त्यातले एक गृहस्थ प्रेमानं म्हणाले की घ्या दादा, वाइन म्हणजे काय दारू नव्हे. माझ्या हातात बाटली होती. परक्या माणसांसमोर भावाला उघडं पाडायचं की गप्प राहायचं, हे ठरेना. तेवढ्यात दादानं माझ्या हातातून बाटली घेतली आणि पेल्यात दोन बोटं ओतली.

वहिनी चुलीपासून उठली. पिठाचे हात पदराला पुसत आली आणि तिनं त्याच्या हातातून पेला घेतला. ओढून नाही, ताकाचा घ्यावा तसा.

"मी बी घरचीच हाय की," म्हणाली आणि पेला रिकामा केला. तिचं तोंड वाकडं झालं. मग पाहुण्यांना म्हणाली, गार आहे, घ्या तुम्ही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा खाली मान घालून बसला.

वाइन पाहुण्यांना आवडली, रश्श्याशी चांगली जमली. ते मला काहीबाही विचारत होते आणि माझं लक्ष मागच्या हौदाकडं होतं. वहिनी तिथं चुळा भरत होती, एकीवर एक. दादा उठून तिच्याकडं गेला. रिकामी ताटं घेऊन मीही मागं गेले, म्हणून मला ऐकू आलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि त्याच्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मला वाटायचं, लई गोड आसंल," ती म्हणाली. "ह्याच्यापायी व्हय?"

दादानं हौदातून तांब्या भरला आणि तिच्यापुढं धरला.